सायकलीच्या ब्रेकची मोठी तबकडी
डोंगरउतारावर सायकल हांकणाऱ्या मुलानें ब्रेकची मोठी तबकडी मागितली, तर पालकांनीं ती चैन समजूं नये, असें आम्हांस वाटतें. वेग आवरतांना गतीची उष्णता होते. लहान तबकडी लवकर तापून लांब उतरणीवर ब्रेकची पकड मंदावते. १६० मिलिमीटर व्यासाऐवजीं १८० ची तबकडी बसविल्यास तेवढ्याच दाबानें रोधशक्ति सुमारें आठव्या हिश्श्यानें वाढते, व उष्णताही अधिक पृष्ठभागावर पसरते. मात्र पुढच्या चिमट्यास केवढी तबकडी सोसते, हें निर्मात्याच्या पत्रकांत आधीं पाहावें. कॅलिपरसाठीं योग्य अडॅप्टर घ्यावा. तबकडीस तेलकट हात लावूं नये. नवी तबकडी सपाट रस्त्यावर पुनःपुन्हां वेग कमी करून मुरवावी. परंतु ब्रेक सुधारला म्हणून वेग वाढवूं नये. टायरची जमिनीवरील पकड कांहीं तबकडीनें वाढत नाहीं!