पहिला गुंडा सुताचा

क्रोशा शिकायचा म्हटलं की नांदेड-लातूरकडच्या नवशिक्यापुढे सहसा दोनच गोष्टी येतात. एक ॲक्रिलिकचा स्वस्त, फुगीर गुंडा. त्याला सगळे ‘लोकर’ म्हणतात. मेंढीशी त्याचा काडीचा संबंध नसतो. दुसरी म्हणजे तोरणांचा आणि टीपॉयवरच्या रुमालांचा बारीक दोरा आणि त्याची पोलादी सुई. घरातून चालत आलेला क्रोशा बहुधा हाच असतो, पण शिकायला तो फार अवघड. दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक. वीस-चाळीस नंबरच्या दोऱ्यावर ‘मुका खांब’ हा टाका घालताना सुई नेमकी कुठल्या घरात खुपसायची तेच दिसत नाही. दर ओळीला कडेचा एक टाका सुटतो आणि चौकोनाचा त्रिकोण होऊन बसतो. गडद रंगातही हीच गत. म्हणून या दोन्हींऐवजी कापसाचं सूत घ्यावं, आणि तेही मध्यम जाडीचं, फिकट रंगाचं आणि गुळगुळीत हवं. केसाळ तर नकोच, कारण ते उसवताना गुंततं.

आता ते ॲक्रिलिक का नको? इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो आणि थंडी जेमतेम दोन महिन्यांची. कापूस घाम शोषतो, ॲक्रिलिक जवळजवळ शोषतच नाही. शिवाय पहिली वस्तू बहुधा गरम भांड्याखालचा चौकोन असते. तापलेल्या पातेल्याखाली सूत टिकतं, ॲक्रिलिक मऊ पडून चिकटतं. ‘नांदेड ४४’ हे गाजलेलं कापूस वाण नांदेडच्या संशोधन केंद्रातलं आणि राष्ट्रध्वजासाठीची खादी उदगीरलाही विणली जाते, हे खरं. पण म्हणून कापूस घ्या असं माझं म्हणणं नाही. दुकानातल्या गुंड्याचा कापूस कुठला, हे कोणी सांगू शकत नाही. मुद्दा हवेचा आणि वापराचा आहे.

यावर जाणकारांचा आक्षेप वाजवी आहे: सुताला लवचीकपणा नसतो, त्यामुळे नवा हात आवळून विणतो आणि बोटं दुखतात. त्यावर उपाय सुईत आहे. लेबलवर चार मिलिमीटर लिहिलं असेल तर साडेचारची घ्यावी; घरं सैल राहतात. सैल पिळाचं सूत मात्र टाळावं. दुकानातच त्याचं टोक चिमटीत उलटं फिरवून बघावं; पदर लगेच सुटले तर सुई त्यांच्या मधून जाणार, हे नक्की. दुसरा आक्षेप किमतीचा. सूत महाग पडतं, खरंय. पण साखळी, मुका खांब आणि खांब एवढं शिकायला एक गुंडा पुरतो, आणि तोच उसवून पुन्हा विणता येतो.

बाकी सामानाला फारसा खर्च नाही. ॲल्युमिनियमची एक सुई, कात्री, टोकं लपवायला मोठ्या नेढ्याची बोथट सुई आणि टाक्याची खूण ठेवायला साधी सेफ्टीपिन. बारा सुयांचा संच घेऊ नये, त्यातल्या दहा डब्यातच राहतात. मोठी वस्तू करायची असेल तर सगळे गुंडे एकाच लॉट नंबरचे बघून घ्यावेत. तोच रंग वेगळ्या लॉटचा असला की मधोमध पट्टा उमटतो, आणि तो धुऊनही जात नाही.