माल घेऊन घाट चढण्याआधी चाकांची हवा तपासा



पावसाळ्याच्या तोंडावर बियाणे, धान्य आणि घोंगड्या घेऊन आपल्यापैकी बरेच जण स्वतःच्या पिकअप गाड्या नंदुरबार जिल्ह्यातील पाड्यांवर आणतात. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाट लागतो. भरलेल्या गाडीचे मागचे चाक तिथे फुटले, तर प्रश्न मालापुरता राहत नाही. म्हणून हा विषय.

किती पाउंड हवा भरावी, याचे उत्तर पुष्कळ जण टायरवर शोधतात. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते. आपल्या गाडीला हवा किती लागते, हे गाडी बनवणारा ठरवतो. बहुतेक गाड्यांत तो तक्ता चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीसोबतच्या पुस्तिकेत असतो. मालवाहू गाडीसाठी त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे अनेकदा वेगळे दिलेले असतात. हौद्यातील वजन मुख्यतः मागच्या चाकांवर येते, म्हणून माल भरताना मागची हवा वाढवावी लागते.

हवा कमी असेल तर टायरची बाजू दर फेऱ्यात जास्त वाकते, आतून तापते आणि शेवटी फुटते. उन्हात, वेगात आणि ओझ्याखाली हा धोका वाढतो. हवा जास्त असली तरी नुकसान आहे: टायर मधोमध झिजतो, रस्त्याला कमी टेकतो आणि खडीवर घसरतो. म्हणून माल उतरवल्यावर, परतीच्या प्रवासाआधी, टायर थंड असताना मागची हवा रिकाम्या गाडीच्या आकड्यावर आणावी.

तक्त्यातील आकडा थंड टायरचा असतो. गाडी निदान तीन तास उभी असली पाहिजे. सकाळी निघण्यापूर्वीची वेळ उत्तम. तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की हवा साधारण 1 पाउंडाने वाढते, आणि चालल्यावर टायर आणखी तापतो. म्हणून दुपारी हवा जास्त दिसली तरी ती सोडू नका. ती वाढ गृहीत धरूनच आकडा ठरवलेला असतो. सोडलीत तर थंड झाल्यावर हवा कमी पडेल.

पंप दूर असेल तर काय? घरीच थंड टायर गेजने मोजा. समजा 6 पाउंड कमी आहे. पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापलेला असेल. तिथे जो आकडा दिसेल त्यात 6 मिळवा. घरी परतल्यावर थंड असताना पुन्हा एकदा पाहा.

नुसते पाहून किंवा लाथ मारून हवेचा अंदाज येत नाही. साधे गेज गाडीत ठेवा. स्टेपनीतही भरलेल्या गाडीइतकी हवा ठेवा आणि वॉल्व्हची टोपी लावायला विसरू नका.

एक विनंती. हवा वाढवली म्हणून गाडीची वजन वाहण्याची मर्यादा वाढत नाही. माल जास्त असेल तर दोन फेऱ्या करा. आणि पाड्यावरच्या लोकांनी कितीही आग्रह केला तरी त्यांना हौद्यात बसवू नका; त्यांना एसटीने किंवा जीपने जाऊ द्या.