टाकी भरली, पंप कोण बंद करणार?

दादर, परळ, लालबागच्या जुन्या इमारतींत तळमजल्यावर दुकान किंवा गोदाम असणाऱ्या व्यापाऱ्याला एका आवाजाची कायम धास्ती असते. गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्याचा तो आवाज. महानगरपालिकेचे पाणी ठरलेल्या वेळी येते, खालच्या टाकीत साठते आणि तेथून पंपाने वर चढवावे लागते. पंप चालू करून रखवालदार चहाला गेला, की पाणी भिंतीवरून थेट आपल्या मालावर! आमच्या गोदामातील तागे एकदा असेच भिजले. डाग पडलेला माल 'सेकंड'च्या भावाने विकावा लागला.

हिशेब साधा आहे. पंप मिनिटाला शंभर लिटर पाणी चढवत असेल, तर अर्ध्या तासाच्या विसराळूपणाने तीन हजार लिटर वाया जाते. विजेचे बिल वेगळेच. उलट खालची टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालला, तर त्याचे सील जळते आणि दुरुस्तीचा खर्च सगळ्यांच्या माथी येतो.

हे काम माणसाच्या आठवणीवर न सोडता यंत्रावर सोपवता येते. पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूने पाण्यावर ताबा ठेवण्याची युक्ती फार जुनी आहे. इ.स. १२०६ मध्ये पूर्ण झालेल्या अल-जझरी यांच्या यंत्रविद्येच्या ग्रंथात, पाणघड्याळात तरंगत्या भागाचा असा उपयोग दाखवला आहे. आजचा फ्लोट स्विच त्याच जातीचा. पाणी चढले की तो उचलला जातो आणि विजेचा संपर्क तोडतो.

दुसरा प्रकार सळ्यांचा. टाकीत कमी-जास्त लांबीच्या तीन स्टीलच्या सळ्या सोडतात. नळाच्या पाण्यात क्षार असल्याने त्यातून थोडी वीज वाहते. पाणी सर्वांत आखूड सळीला लागले की पंप बंद. पाणी मधल्या सळीच्या खाली गेले की पंप पुन्हा चालू. दोन पातळ्यांत अंतर ठेवल्याने पंप क्षणाक्षणाला चालू-बंद होत नाही. सळ्यांना एसी प्रवाह हवा. डीसी दिल्यास त्या लवकर झिजतात. क्षारांचा थर बसतो, म्हणून टाकी धुताना सळ्याही घासाव्यात.

तिसरा प्रकार ध्वनिलहरींचा. टाकीच्या झाकणाखालून आवाज सोडून तो परत यायला किती वेळ लागतो, यावरून पाण्याची पातळी काढतात. हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. याला पाणी लागत नाही, त्यामुळे गंज नाही. मात्र रंगाऱ्याच्या गरम कुंडावरची वाफ आणि फेस त्याला फसवतात.

आता मुद्द्याची गोष्ट. यंत्र घेताना दुकानदार किंमत विचारतो. विचारायला हवे ते दुसरेच. 'तार तुटली तर काय होईल?' खालच्या टाकीतील सळीची तार तुटली, तर यंत्राला टाकी रिकामी वाटते आणि पंप थांबतो. नुकसान नाही. पण वरच्या टाकीतील आखूड सळीची तार उंदराने कुरतडली, तर टाकी भरलीच नाही असे यंत्र समजते आणि पंप चालतच राहतो. म्हणजे ज्या संकटासाठी पैसे मोजले, तेच पुन्हा दारात!

उपाय दोन आहेत. सळीच्या थोडे वर, स्वतंत्र तारेचा फ्लोट स्विच बसवावा. तो असा जोडावा, की त्याची तार तुटली तरी पंप बंदच होईल. शिवाय टायमर लावावा. टाकी चाळीस मिनिटांत भरत असेल, तर पन्नास मिनिटांनंतर पंप आपोआप थांबला पाहिजे.

इमारतीच्या सभेत यंत्राचा विषय निघाला, की तळमजल्याच्या व्यापाऱ्यांनी हजर राहून हा प्रश्न विचारावा. यंत्र बसल्यावर कारागिरासमोर एक-एक तार सोडवून पाहावी. टाकी गच्चीवर असते, पण पाणी आपल्या मालावर उतरते.