खाली कोण आहे?

एक्सेटर, इंग्लंड

गावाकडून फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं: "तुमच्याकडं बरं आहे बाबा, लोकांना कामाची शिस्त आहे." झाडं तोडणाऱ्या, छाटणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी जमिनीवरची टोळी सांभाळतो. या धंद्याला इथं ट्री सर्जरी म्हणतात. रोज नवी पोरं हाताखाली असतात, म्हणून या शिस्तीबद्दल एकदा सांगूनच टाकतो. ती कुणाच्या रक्तात नसते. साडेसातला यार्डात बोलावलेलं पोरगं पावणेआठला येतं, कानात हेडफोन घालून येतं आणि दोन आठवडे पावसात फांद्या ओढल्यावर एक दिवस येतच नाही. फोनही उचलत नाही. माझ्या हाताखालची निम्मी पोरं महिनाभरही टिकली नाहीत. जुनी मंडळी चहा पिता पिता "आजकालच्या पोरांना कष्ट नकोत" म्हणतात, तेव्हा मला साताऱ्यात बसल्यासारखं वाटतं.

फरक आहे तो पोरगं आल्यानंतरच्या पहिल्या तासात.

माझाच पहिला दिवस सांगतो. राहुरीची शेतकीची पदवी आणि अंगात जोर, म्हणून मी थेट ओंडक्यांकडे निघालो. म्होरक्यानं थांबवलं. व्हॅनच्या बॉनेटवर एक कागद पसरला. त्यावर कामाच्या जागेचा पत्ता होता, नकाशावरचे आकडे होते आणि जवळच्या अपघात विभागाचं नाव होतं. म्हणाला, "मोठ्यानं वाच. मी वर बेशुद्ध पडलो तर अँब्युलन्सला काय सांगशील?" दोनदा मी रस्त्याच्या नावाला अडखळलो. तिसऱ्यांदा कागद न बघता सगळं सांगितलं, तेव्हा कुठं तो झाडावर चढला.

इथं एकट्यानं चढायचं नाही. वर चढून जखमीला खाली आणू शकेल असं शिकलेलं माणूस जागेवर लागतं. सुटकेची तयारी आधीच करून ठेवा, असं उंचीवरच्या कामाचे 2005 चे नियम सांगतात. दोर आणि हार्नेस दर सहा महिन्यांनी तपासून घ्यावे लागतात. पण कागदावरचे नियम काय, आपल्याकडेही आहेत. मला हलवलं ते दोरानं. वरचा माणूस फांदी दोराला बांधून कापतो. दोर वरच्या कप्पीतून खाली येतो आणि बुंध्याशी बांधलेल्या लोखंडी नळीवर त्याचे वेढे असतात. मोकळं टोक जमिनीवरच्या पोराच्या हातात. फांदी सुटली की त्यानं दोर गच्च धरला, तर हिसका थेट झाडाला बसतो आणि वरचा माणूस झाडासकट हलतो. दोर थोडा धावू द्यायचा आणि हळूहळू थांबवायचा. हे शिकवायला दिवस जातात. लहान फांद्यांवर पुन्हा पुन्हा करून घ्यावं लागतं. ज्याच्या हातात आपला जीव, त्याला 'ए पोऱ्या' म्हणून कसं चालेल?

आणि आपल्याकडं? पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या कॉलनीत ठेकेदाराची माणसं येतात. गेल्या मे महिन्यात मी घरी होतो. पर्जन्यवृक्षावर एक जण अनवाणी चढला. कमरेला कोयता, एक सुती दोर, बस. पण काय चढला! पायाच्या बोटांनी सालीचा अंदाज घेत, कुठल्या फांदीवर किती भार टाकायचा हे तिला नुसता हात लावून ओळखत. इतकं अंगात मुरलेलं कसब इथं मी क्वचितच पाहिलंय. मी व्हिडिओ काढला आणि परत आल्यावर अभिमानानं म्होरक्याला दाखवला. त्यानं तो दोनदा पाहिला. मान डोलावली. मग विचारलं, "खाली कोण आहे?"

खाली सतरा-अठरा वर्षांचं एक पोरगं होतं. कालच आलेलं, पायात स्लिपर, डोकं उघडं. वर कोयता चालू असतानाच ते खालून फांद्या ओढत होतं, कारण मुकादम ओरडत होता, "अंगचोर कुठला, हात चालव!" दुपारी एक फांदी त्याच्या खांद्यावर आली. रिक्षातून नेलं. ठेकेदारानं काही पैसे दिले आणि दुसऱ्या दिवशी दुसरं पोरगं आलं. तेही तसंच, उघड्या डोक्यानं. त्या पोराला कामचुकार म्हणताना कुणाची जीभ अडखळली नाही. फांदी पडेपर्यंत बाजूला उभं राहणं हेसुद्धा काम आहे, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. झाड तोडायला परवानगी लागते आणि झाडांची गणना करावी लागते, असा 1975 चा कायदा आपल्या राज्यात आहे. तो हवाच. पण झाडाखालच्या त्या पोराचं नावही मला कुणी सांगू शकलं नाही, याचा मला अजून राग आहे.

इथली एक गोष्ट. ॲशच्या झाडांना बुरशीचा रोग लागलाय, 2012 मध्ये तो ब्रिटनमध्ये पहिल्यांदा सापडला. रोगट ॲशचं लाकूड ठिसूळ होतं, फांदी सूचना न देता तुटते, म्हणून अशा झाडाजवळ आम्ही सगळेच ताणात असतो. मागच्या महिन्यात यंत्राच्या पाळण्यातून असंच एक झाड उतरवत होतो. तीन आठवड्यांपूर्वी आलेल्या पोरानं एकदम दोन्ही हात वर केले आणि "थांबा!" म्हणून ओरडला. पायवाटेच्या दोरीखालून एक आजीबाई कुत्रा घेऊन आत आल्या होत्या. वरची करवत तत्क्षणी बंद. आजीबाई जाईपर्यंत सगळे उभे. वेळ मोडला म्हणून कुणी ब्र काढला नाही. आमच्याकडं चहा करायचं काम सगळ्यात नव्या पोराचं असतं. त्या दिवशी क्लायंबरनं खाली उतरून स्वतः चहा केला आणि पहिला कप त्याला दिला.

छाटणीवाले आता पुन्हा येतील. दादाला कॉलनीचा पूर्ण पत्ता, जवळचं रुग्णालय आणि 108 हा नंबर लिहून पाठवलाय. दोन हेल्मेटही घेऊन ठेव म्हटलंय. आणि वरचा माणूस चढायच्या आधी खालच्या पोराचं नाव विचार, त्याच्याकडून तो कागद मोठ्यानं वाचून घे. तीनदा लागले तरी चालेल.