गुलाबाचं बोंड

बार्शीटाकळीच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: अंगणातल्या गुलाबाच्या पाकळ्या गळल्यावर तिथे बोंड धरलंय. त्यातलं बी लावलं, तर हाच गुलाब येईल का?

हाच येणार नाही, आणि म्हणूनच ते लावावं. बागेत नेहमी दिसणाऱ्या 'हायब्रिड टी' गटातल्या बहुतेक गुलाबांत रंगसूत्रांचे चार संच असतात, एकूण २८. बी धरताना आईकडून दोन आणि बापाकडून दोन येतात, तेही पिसून. त्यामुळे एकाच बोंडातल्या दोन बियांची फुलंसुद्धा सारखी निघत नाहीत. आवडलेला गुलाब तसाच हवा असेल तर डोळा भरायचा. नवा हवा असेल तर बी. बाजारात 'निळ्या गुलाबाचं बी' म्हणून विकलं जातं, त्यावर मात्र एक रुपयाही घालवू नका. खरा निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब स्वतःहून बनवतच नाही.

पहिला हायब्रिड टी मानला जाणारा 'ला फ्रान्स' १८६७ मध्ये फ्रान्समधल्या लियाँच्या गियो यांनी आणला. त्याचे आई-बाप आजही खात्रीने सांगता येत नाहीत, कारण परागीकरण मधमाश्यांवर सोडलेलं असे. हे खटकलं हेन्री बेनेट या इंग्रज शेतकऱ्याला. तो गुरं पाळायचा. गोऱ्हा घेताना आपण त्याची माय कशी, वळू कोणता, हे विचारतोच. बेनेटने तोच प्रश्न गुलाबाला विचारला. कोणत्या फुलाचा पराग कोणत्या फुलाला लावला याची नोंद ठेवत त्याने १८७९ मध्ये वंशावळीसकट दहा गुलाब बाजारात आणले. मेंडेलचा आनुवंशिकतेवरचा निबंध छापून तेव्हा १३ वर्षं झाली होती आणि त्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं! कौतुक 'ला फ्रान्स'चं होतं, बेनेटचं नाव मागे राहतं. मला हा अन्याय वाटतो.

थंड इंग्लंडमध्ये बोंडं पिकावीत म्हणून बेनेटला काचघर तापवावं लागे. वऱ्हाडात अडचण उलटी आहे, म्हणून संकर नोव्हेंबर-डिसेंबरात करायचा. संध्याकाळी अर्धी उमललेली कळी घ्या, पाकळ्या काढा, चिमट्याने सगळे पुंकेसर खुडा आणि वर कागदी पिशवी बांधा. बापाचे पुंकेसर कोरड्या काडेपेटीत ठेवले की दुसऱ्या दिवशी पिवळी धूळ सुटते. कुक्षी चिकट झाली की ती धूळ लावा, पिशवी परत बांधा, दोन्ही नावं आणि तारीख लिहून चिठ्ठी अडकवा. तीन-चार महिन्यांत बोंड नारिंगी होतं. बी मेच्या उन्हात पेरू नका. ते कोरडं ठेवा, पावसाळा सरताना सहा-आठ आठवडे ओल्या कापसात फ्रिजमध्ये घाला आणि दिवाळीच्या सुमारास पेरा. गारव्याशिवाय त्याची झोप मोडत नाही. बरंच बी उगवत नाही. उगवलेलं मात्र दोन-तीन महिन्यांत पहिली कळी दाखवतं. ही घाई आजच्या गुलाबांच्या चिनी पूर्वजांकडून आली: त्यांच्यात कधीतरी डीएनएचा एक उडता तुकडा फुलोरा रोखणाऱ्या जनुकात घुसला आणि ब्रेक निकामी झाला; बारमाही फुलणं तिथूनच आलं.

भारतात या छंदाला शास्त्राची शिस्त देणाऱ्यांत डॉ. बेंजामिन पिअरी पाल अग्रणी. ते गव्हावरच्या तांबेऱ्याशी झुंजणारे पैदासकार. आपले पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री होते, तेव्हा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचे संचालक पालच होते. ओंबीतले परागकोश काढणारा हात ते गुलाबावरही चालवत, पांढरा 'डॉ. होमी भाभा' त्यांचाच.

पण निवड कशासाठी करायची? फ्रेंच पैदासकार पेर्ने-दुशे यांनी पर्शियन पिवळ्या गुलाबापासून मिळवलेला 'सोलेय दोर' १९०० मध्ये आला. त्याने हायब्रिड टींना गडद पिवळा रंग दिला, सोबत पानांवरच्या काळ्या ठिपक्यांचा रोगही. पावसाळ्यात तुमचा पिवळा गुलाब उघडाबोडका होतो, त्याचं मूळ तिथे आहे. प्रशासकीय सेवा सोडून कोडाईकनालला स्थायिक झालेले एम. एस. वीरराघवन यांनी आपल्या हवेत कोणता गुलाब टिकेल याचं उत्तर मणिपूरच्या 'रोझा जायगॅन्शिया'त आणि पाणथळ जागी तगणाऱ्या 'रोझा क्लिनोफायला'त शोधलं: उष्ण हवेचा गुलाब उष्ण हवेतल्याच पूर्वजांकडून घडवायचा. हौशी माणसाने केलेलं इतकं मोलाचं काम मला दुसरं माहीत नाही.

ताई, तुमच्या बोंडाचा बाप आता कळणार नाही. या थंडीत नव्या बोंडाचा बाप तुम्ही निवडा. प्रदर्शनातलं मोठं फूल बघू नका. काळ्या जमिनीत भादव्यातही ज्याची पानं टिकली आणि मेच्या ४५ अंशांत जे वाळलं नाही, असं झाड गावात कुणाच्या तरी कुंपणाला असेल. त्याचा पराग मागून आणा.