तंबू ठोका, पण नदीला विचारून!

शुक्रवारची संध्याकाळ. दिल्ली, नोएडा, गुरुग्रामच्या कचेऱ्या सुटतात आणि गाड्यांची एक रांग मेरठच्या दिशेनं धावू लागते. डिकीत सतरंज्या, पाण्याचे कॅन, मॅगीची पाकिटं आणि गुंडाळलेला तंबू. सुमारे अडीचशे किलोमीटरवर ऋषिकेश, त्यापुढे पंधरा-सोळा किलोमीटरवर शिवपुरी. तिथली गंगा आरतीतल्या गंगेपेक्षा वेगळी असते. हिरवट, थंडगार, खडकांवर आदळत धावणारी... आणि वळणावळणावर पांढऱ्याशुभ्र वाळूची पुळण. वीज नाही, नळ नाही, छत नाही. डोक्यावर चांदण्या आणि कानाशी नदी. दोन दिवस असे काढले की राजधानीची धूळ फुफ्फुसातून उतरल्यासारखी वाटते.

पण जी नदी मुलांना खेळवते, ती मध्यरात्री तंबूच्या दारातही येऊ शकते. कशी, ते माहीत नसेल तर ही हौस महागात पडते.

राहुटीशी जुनं नातं

मराठी माणसाला तंबू नवा नाही. आषाढीच्या वारीत राहुट्या आणि पालं पडतात, तेव्हा गावंच्या गावं उघड्या माळावर झोपतात. दिल्लीच्या यमुनाकाठीही मराठ्यांचे तंबू पडले होते. १७६०च्या ऑगस्टमध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, तेव्हा पावसाळ्यानं फुगलेली यमुना दोन फौजांच्या मध्ये भिंतीसारखी उभी होती. ऑक्टोबरमध्ये अब्दालीनं बागपतजवळ ती ओलांडली आणि पुढे पानिपत घडलं. नदीचं पाणी कधी चढतं, कधी उतरतं, हे तेव्हाही जीवन-मरणाचं गणित होतं.

आज खुद्द दिल्लीत यमुनेकाठी तंबू टाकावा अशी स्थिती नाही. वजिराबाद ते ओखला हा जेमतेम बावीस किलोमीटरचा पट्टा नदीतल्या घाणीचा फार मोठा वाटा उचलतो. पुराचं भय वेगळंच. १३ जुलै २०२३ रोजी जुन्या लोखंडी पुलाजवळ पाणी २०८.६६ मीटरवर गेलं आणि १९७८चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मोडला. काठावर झोपड्यांत राहणारी हजारो माणसं तेव्हा रस्त्याकडेच्या तंबूंत आली, हौसेनं नव्हे, नाइलाजानं. दक्षिणेला अरवलीचं असोला भट्टी अभयारण्य आहे, पण तिथे बिबटे राहतात. वन्यजीव कायदा १९७२चा. त्यानुसार कोणत्याही अभयारण्यात परवानगीशिवाय शिरणंही गुन्हा ठरतं, मुक्काम तर दूरच. म्हणून दिल्लीकर तंबू घेऊन डोंगराकडे वळतो.

पुळणीचे दिवस

१९७७ मध्ये एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी जेटबोटी घेऊन गंगासागराकडून उलट्या दिशेनं निघाले आणि थेट नंदप्रयागजवळच्या धबधब्यापर्यंत पोचले. पहाडातल्या खळाळत्या गंगेकडे साऱ्यांचं लक्ष गेलं. ऐंशीच्या दशकात रबरी होड्या आल्या. त्यांच्यामागून कौडियाला ते ऋषिकेश या पट्ट्यातल्या वाळूवर तंबूही आले. सुरुवातीला मोजके, मग ओळीनं. कंदिलाच्या जागी जनरेटर, भजनाच्या जागी कर्णे, चहाच्या जागी बाटल्या. वाळूतच खणलेले शौचाचे खड्डे आणि हात दोन हातांवर गंगा!

अखेर प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापुढे गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये लवादानं या पट्ट्यातल्या नदीकाठच्या तंबू-मुक्कामावर बंदी घातली, राफ्टिंग मात्र चालू ठेवलं. मग मुक्काम वाळूवरून उठून वरच्या खासगी जमिनींवर सरकले. अनेकांची रोजीरोटी त्यावर होती, त्यांना झळ बसली, हे खरंच. पण ज्या पाण्याची तीर्थ म्हणून ओंजळ घ्यायची, त्याच्या काठी काय करायचं नाही, हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. २०१८च्या ऑगस्टमध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं उंचावरच्या बुग्याळांवर, म्हणजे हिमालयातल्या कुरणांवर, रात्रीचा मुक्काम बंद केला, त्यामागेही हाच विचार होता.

पाऊस नाही, तरी पाणी

कोलाडला कुंडलिकेत राफ्टिंग केलेल्यांना हे चटकन उमजेल. भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं, म्हणून नदी खळाळते. पाणी सुटलं नाही, तर तीच नदी चिडीचूप. गंगेचंही असंच. देवप्रयागला भागीरथी आणि अलकनंदा एक होतात आणि गंगा हे नाव सुरू होतं. भागीरथीवर २६०.५ मीटर उंचीचं टिहरी धरण आहे, २००६ मध्ये तिथे वीजनिर्मिती सुरू झाली. त्याखाली कोटेश्वर धरण. विजेची मागणी वाढली की जनित्रं फिरतात आणि पाणी खाली येतं. शिवाय उन्हाळ्यात दुपारी वितळलेलं बर्फ काही तासांनी खालच्या खोऱ्यात पोचतं. म्हणजे आभाळ निरभ्र असतानाही रात्रीतून पाणी चढू शकतं!

८ जून २०१४ची संध्याकाळ आठवते? हिमाचलमध्ये मंडी जिल्ह्यात बियास नदीच्या खडकांवर हैदराबादचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी फोटो काढत होते. वर लारजी धरणातून पाणी सोडलं गेलं. काही क्षणांत लोंढा आला आणि २४ विद्यार्थ्यांसह सहलीचा एक सहायक वाहून गेला. पाण्यात उतरायचं त्यांच्या मनातही नव्हतं. ते फक्त कोरड्या खडकावर उभे होते.

घरच्यांनी एवढं पाळावं

तंबूची जागा दिवसाउजेडी शोधा. खडकांवरचा ओलसर पट्टा, वाहून आलेली लाकडं, झुडपांत अडकलेला कचरा ही नदीची सहीच असते. पाणी तिथवर येऊन गेलेलं असतं. तंबू त्याच्याही बराच वर हवा. काठाशी एक काठी रोवून तासा-तासानं पाहा, काठी बुडू लागली की सामान सोडून माणसं आधी वर न्या. वर जायची वाट झोपण्यापूर्वीच पाहून ठेवा. वर धरण आहे का, पाणी केव्हा सुटतं, हे गावातल्या माणसाला विचारा. त्याच्याइतकी नदीची माहिती कुठल्याही नकाशात नसते.

जंगलात तंबू टाकायचा तर वनखात्याची परवानगी आधी. शिवपुरीच्या पलीकडच्या बाजूला राजाजीचं जंगल आहे, २०१५ पासून ते व्याघ्र प्रकल्प आहे. हत्ती आणि बिबट्या तिथले घरमालक, आपण पाहुणे. खाण्याचे डबे तंबूत ठेवू नका. वाळलेल्या फांदीखाली किंवा सुटत्या दरडीखाली झोपू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा उत्तराखंडात वणव्यांचा मोसम मानतात. चीडच्या वाळक्या सुयांना ठिणगी पुरते. तेव्हा शेकोटीचा मोह टाळा, पिठलं-भात छोट्या गॅसच्या शेगडीवरही छान होतो.

शौचासाठी पाण्यापासून किमान दोनशे फूट लांब, वीतभर खोल खड्डा खणा आणि मातीनं बुजवा. साबण, शाम्पू नदीत नको, मग तो कितीही ‘हर्बल’ असो. नेलेलं प्लॅस्टिक परत आणा. मुलांना जॅकेटशिवाय पाण्यात सोडू नका आणि दारूच्या नशेत तर कुणीच उतरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हा बेतच नको.

इतकं सांभाळायचं तर मजा ती काय, असं वाटेल कदाचित. पण चुलीपाशी लहान मूल रांगत असलं, तर आई चूल बंद करत नाही, नजर ठेवते. नदीकाठचा मुक्काम तसाच आहे. रविवारी सकाळी तंबूच्या खुंट्या उपटल्या, वाळू पायानं सारखी केली आणि मागे वळून पाहिलं तर आपण इथे राहिलो होतो याची एकही खूण दिसू नये. पुढच्या शुक्रवारी कुणा दुसऱ्याच्या मुलांना तीच पांढरी पुळण मिळायला हवी ना!