होडी कशी बांधतात?

इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा आहे, दुसऱ्या अंगाला नीरा. नीरा-नरसिंहपूरला दोघी भेटतात. पूर्वी नदी ओलांडायला लोक गुळाच्या काहिलीत बसत. काहील तरते खरी. पण तिचे बूड गोल आणि सपाट. वल्हे मारले की ती जागच्या जागी गरगर फिरते. कुठे जाऊन लागेल त्याचा नेम नाही!

१९८० साली उजनीचे धरण पुरे झाले. भीमा पसरली. पळसदेवचे जुने देऊळ पाण्यात गेले. कळाशीच्या काठावर उभे राहून पाहा, पलीकडचा किनारा किती लांब आहे. पाणी जितके रुंद, तितक्या वाऱ्याने लाटा मोठ्या उठतात. इथे काहिलीचे काम नव्हे. होडीच पाहिजे.

लाकडी होडीला आधी कणा लागतो. कणा म्हणजे बुडाच्या मधोमध लांब लाकूड. त्यावर दोन्ही बाजूंनी फासळ्या उभ्या करतात. फासळीला बाभूळ चांगली. ती चिवट असते, आणि तिची बाकदार फांदी हुशार सुतार आधीच हेरून ठेवतो. फळ्या सागाच्या असल्या तर लवकर कुजत नाहीत. सांध्यांत कापूस ठासून वर डांबर लावतात. पाण्यात लाकूड फुगते नि सांधे घट्ट बसतात. म्हणून अशी होडी फार दिवस उन्हात कोरडी ठेवू नये, तडे जातात.

कणा बुडाखाली थोडा बाहेर राहतो. त्यामुळे होडी बाजूला घसरत नाही, नाकासमोर जाते. दूर हवाई बेटांवर लोक फळीवर उभे राहून समुद्राच्या लाटेवरून घसरत येतात. ती फळीही आडवी सरके. १९३५ साली टॉम ब्लेक या अमेरिकन माणसाने फळीच्या बुडाला माशाच्या परासारखे पाते बसवले. फळी ताब्यात आली. अशी फळी माणसाचे वजन पाहून घडवतात. आपला कारागीरही तेच विचारतो, "माणसं किती बसणार? जाळं किती? इंजिन लावणार का?"

आता फायबरच्या होड्या झाल्या आहेत. साच्यात काचेच्या धाग्यांचे कापड घालतात, त्यावर राळ फासतात, पुन्हा कापड, पुन्हा राळ. होडी हलकी होते, कुजत नाही. पण हलकी होडी वाऱ्याने लवकर हलते, बरे का!

२१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले. एक जण पोहून काठाला लागला.

उसाची गाडी उंच भरली की उतारावर कलंडते, हे बारामती-इंदापूरच्या माणसाला सांगायला नको. होडीचेही तसेच. ओझे खाली असेल तर ती सावरते. माणसे उभी राहिली की ओझे वर जाते. म्हणून होडीत बसूनच राहावे, अंगात तरंगते जाकीट घालावे.

नवी होडी बांधून घेताना दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे करायला सांगा. होडीत पाणी भरले तरी ती तळाला जात नाही. आणि बाहेरून कुशीला रंगाची एक रेघ मारून घ्या. माणसे बसल्यावर रेघ पाण्याखाली गेली, तर दोघांना खाली उतरवा आणि दुसऱ्या खेपेला न्या.